बेसलाइनवरची हरळी

सकाळी सात वाजता तात्या रेघा मारायच्या फक्कीची बादली घेऊन मळ्यात आले, तेव्हा टेनिस कोर्टाच्या पूर्वेकडच्या बेसलाइनवर गवत नव्हतं.

एका बाजेएवढी जागा मोकळी झाली होती. कुणी ओरबाडलेली नव्हे, नीट काढलेली. माती भुसभुशीत, ढेकळं फोडून सारखी केलेली, आणि उपटलेली हरळी बाजूला रचून ठेवलेली. मुळ्या वर, पाती खाली, म्हणजे उन्हानं मुळ्या वाळाव्यात आणि पुन्हा धरू नयेत. कसबा बावड्यात हरळी अशी रचणारा माणूस आता एकच उरला होता, आणि तो दहा हातांवर जांभळीखाली बसून किटलीतला चहा पीत होता.

"अण्णा," तात्या म्हणाले, "हे काय केलासा?"

अण्णासो मगदुमांनी लेकाकडं बघितलं, मग त्या जागेकडं बघितलं. मांडीवर खुरपं होतं आणि खुरप्याला ओली माती होती.

"मी?" ते म्हणाले.

तो १९७८ सालच्या एप्रिलचा दुसरा शनिवार. दुपारी चार वाजता यज्ञेश्वर सोवनी नावाचे गृहस्थ मोटारीनं येणार होते. विंबल्डनच्या ज्युनियर स्पर्धेला महाराष्ट्रातून एका मुलीचं नाव पाठवायचं होतं आणि ते नाव सोवनी ठरवणार होते. दोन नावं शिल्लक होती. एक मुंबईची मुलगी, जी दहाव्या वर्षापासून क्लबातल्या गवतावर खेळत होती. दुसरी मीनाक्षी मगदूम, तात्यांची लेक, वय सतरा. मीनाक्षीनं त्या मुंबईच्या मुलीला दोनदा हरवलं होतं, पण दोन्ही वेळा मुरमाच्या कोर्टावर. गवतावर कशी खेळते ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाव पाठवणार नाही, असं सोवनींनी सप्टेंबरातच कळवलं होतं. कोल्हापुरात पोरगी जिथं खेळत होती ते शाळेचं कोर्ट शेणानं सारवलेलं. तेव्हा शाळेत ड्रिल शिकवणाऱ्या तात्यांनी दिवाळीच्या पाडव्याला वडिलांकडं आठ गुंठे रान मागितलं, आणि त्यात हरळी लावायची परवानगी मागितली.

ज्यानं ऊस केलाय त्याला हरळी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही, आणि ज्यानं केला नाही त्याला सांगून कळत नाही. ते रान अण्णासोंच्या वाट्याला आलं तेव्हा हरळीनं गच्च होतं. ते आणि त्यांची बायको विठाबाई अकरा वर्षं ती काढत होते. कुदळीनं खणायचं, खुरप्यानं मूळ धरायचं, आणि ते जिथवर जाईल तिथवर त्याच्या मागं जायचं. मूळ मध्ये तोडायचं नाही, तुटलं की एकाच्या दोन होतात. विठाबाई गेल्या त्या वर्षी रान स्वच्छ झालेलं होतं. त्याच रानात अण्णासोंनी नातीसाठी हरळी लावू दिली. सहा महिने पाणी पाजलं, शाळेचा दगडी रूळ बैलांकडून ओढवला, बैलांच्या खुरांनी खड्डे पडू नयेत म्हणून पायांना गोणपाट बांधलं. लोक हसले. अण्णासो पाणी पाजत राहिले.

*

आठपर्यंत सगळे जमले. तात्यांची बायको सरुबाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन आली. तिच्या मागं सायकल ढकलत मीनाक्षी. बांधापलीकडून अण्णासोंचे धाकटे भाऊ बाबासो आले आणि त्यांच्या मागोमाग त्यांची बायको आक्काताई. दर आठवड्याला विळ्यानं कोर्टाचं गवत कापणारी झुंबरबाई आपल्या चार बायकांना घेऊन आली होती. एका रांगेत उकिडवं बसून त्या कोर्ट कापत जायच्या आणि कापलेलं म्हशीला न्यायच्या. आज शेवटची कापणी होती.

"ह्येला चूक म्हणत न्हाईत," आक्काताई म्हणाल्या. "नात परदेशी जायला नको हाय म्हाताऱ्याला. सा म्हैनं गप बसला आन् आज दावला हिसका."

"तू तोंड आवर," बाबासो म्हणाले.

"का आवरू? भाऊ तुमचा हाय म्हणून? दुसऱ्या कुणी केलं असतं तर तुमीच आभाळ डोक्यावर घेतलं असतासा."

तात्या वडिलांच्या समोर बसले. शाळेत पोरांची उलटतपासणी घ्यायची त्यांना सवय होती.

"अण्णा, मुद्दाम केलासा का न्हाई, एवढंच सांगा."

"ठाव न्हाई रं."

"हात तुमचा, खुरपं तुमचं, आन् ठाव न्हाई?"

"उजाडायला आलतो बघायला. पावणं येणार, कसं दिसतंय बघावं. बसलो. एक काडी रेघंच्या भाईर गेलती. ती वढली." अण्णासो थांबले. "मूळ लांब निघालं."

मूळ लांब निघतं हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"मी जातो सांगलीच्या नाक्यावर," तात्या उठले. "सोवनी तिकडनंच येणार. तिथंच गाठतो आन् सांगतो, येऊ नका म्हणून."

"आन् कारण काय सांगणार?" सरुबाईनं विचारलं.

"सांगतो कायतरी."

सरुबाईचं मन त्या वेळी तिचं तिलाच ओळखू येत नव्हतं. पोरीनं जाऊ नये असं या घरात सर्वांत आधी तिला वाटलं होतं. मीनाक्षीचे स्कर्ट तीच शिवायची आणि प्रत्येक खेपेला सांगितल्यापेक्षा दोन बोटं लांब शिवायची. नाव निघू नये म्हणून ती टेंबलाईला नारळ बोलून आली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता देवीनं ऐकलं म्हणायचं, तर समोर उघडी माती होती आणि तिला राग आला होता. सहा महिने पोरगी पाचला उठत होती. तिच्या तळव्यांचे फोड सरुबाईनं हळदीनं शेकले होते. हरायची तर खेळून हरू दे, खुरप्यानं का म्हणून हरावी?

"कुटं जायचं न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "चार वाजायला आठ तास हाईत. आठ तासात माणूस विहिरीतनं म्हस काढतंय. मामंजी, तुमी सावलीत सरका. आन् आत्याबाई, तुमाला बोलायचं असंल तर पाटी घेऊन बोला, हात तरी चालत्याल."

चुलतसासू आक्काताईंना सुनेनं असं कधी ऐकवलं नव्हतं. त्या नवऱ्याकडं बघत राहिल्या, की आता हे काही बोलतील.

"पाटीत घालायचं काय पर?" तात्या वैतागून म्हणाले. "गवत काय बाजारात मिळतंय? अख्ख्या बावड्यात कोण हरळी ठेवतंय रानात?"

*

बाबासो बांधावर उभे होते आणि तंबाखू मळत होते.

पाडव्याला हरळी लावायचं ठरलं तेव्हा सगळ्यांच्या देखत ते बोलले होते, "बांधाच्या अलीकडं एक काडी दिसली, तर त्या दिवशी चूल वेगळी." रानं वाटली होती तरी दोन्ही भावांची चूल अजून एकच होती, आणि बोलताना ते खरंच बोलले होते. थोरल्या भावानं नातीपायी आपल्या रानाचं वाटोळं करून घ्यावं, पण शेजाऱ्याचं का? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि ते चुकीचं नव्हतं हे संक्रांतीला सिद्धही झालं होतं. बांधाखालून हरळी आली होती. उसाच्या पाटाच्या कडेला, पाणी मिळेल तिथं, दाट गादी झाली होती.

महिनाभर बाबासोंनी ती एकट्यानं गुपचूप उपटली. मग एकदा पहाटे मीनाक्षी घराच्या भिंतीवर चेंडू मारत असलेली त्यांनी बघितली. घामानं भिजलेली, कुणाकडं लक्ष नाही. त्या दिवसापासून त्यांनी उपटणं सोडलं. पोरगी जाऊन येऊ दे, मग बघू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आक्काताईला पाटाकडं जाऊ दिलं नाही. "तिकडं साप निघालाय" म्हणून ठेवलं.

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली.

"हरळी पायजे नव्हं?" ते म्हणाले. "माझ्याकडं हाय."

"कुटं?" तात्या म्हणाले.

"पाटाच्या कडंला. धा-बारा हात. लई दाट."

आक्काताईंनी पदर सावरला. "कधीपास्नं?"

"संक्रांतीपास्नं."

"म्हंजे साप न्हवता."

"न्हवता."

"आन् चूल?"

वेगळ्या चुलीची जागा आक्काताईंनी मनात कधीच नक्की करून ठेवली होती. मागच्या सोप्यात, खिडकीखाली. गवंड्याशी बोलणं तेवढं राहिलं होतं.

"चूल हाय तिथं ऱ्हाऊ दे," बाबासो म्हणाले. "खोरं आण."

अण्णासो जांभळीखालून हे सगळं ऐकत होते. ते उठले, बांधापर्यंत आले आणि भावाला म्हणाले, "तुझ्या रानात गेली, आन् तू बोलला न्हाईस?"

"बोलून काय करणार हुतासा? काढायला आला असतासा."

एवढ्यावर ते बोलणं संपलं. दोघा भावांत त्या वर्षात झालेलं हे सर्वांत लांब बोलणं होतं.

खोऱ्यानं मुळ्यामातीसकट गवताच्या वीतभर जाडीच्या ढेपा काढल्या. झुंबरबाईच्या बायकांनी त्या पाट्यांतून आणल्या. आक्काताईंनीही चार खेपा केल्या. तोंडानं काही न बोलता केल्या, त्यामुळं सगळ्यांना जास्त धास्ती वाटली. मीनाक्षी अनवाणी पायांनी ढेपा तुडवून बसवत होती. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. आजोबांवर रागावलीय असं सगळ्यांनी धरून चाललं, आणि रागावणारच, असंही सगळ्यांना वाटलं. अण्णासोंच्या जवळून दोनदा जाताना तिनं मान खाली घातली. म्हाताऱ्यानं ते पाहिलं.

वरून पाणी मारलं, बैलांच्या पायांना गोणपाट बांधून रूळ फिरवला, फक्कीची रेघ ओढली. तीन वाजता ती जागा हिरवी दिसत होती. लांबून कुणाला संशय आला नसता. फक्त तात्यांना माहीत होतं, की ज्या गवतानं मूळ धरलेलं नाही ते पायाखाली सरकतं.

"तू पश्चिमेकडंच ऱ्हा," त्यांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं. "ह्या बाजूला मी खेळतो."

मीनाक्षीनं मान हलवली.

*

सोवनी सव्वाचारला आले. साठीचे, पांढरी विजार, हातात छत्री, बोलणं स्वच्छ पुणेरी. तरुणपणी ते एकदा विंबल्डनला प्रेक्षक म्हणून गेले होते आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य त्यांनी त्या दोन आठवड्यांच्या जोरावर काढलं होतं. सरुबाईनं दिलेलं ताक ते उभ्यानंच प्याले.

"हे कोर्ट तुम्ही घरी केलंत?"

"व्हय," बाबासो म्हणाले.

"कुठलं गवत?"

"आमचंच," बाबासो म्हणाले.

सोवनींनी मीनाक्षीला विचारलं, "गवतावर काय वेगळं वाटतं तुला?"

"चेंडू उसळत नाही," ती म्हणाली. "घसटत येतो. मी आता गुडघ्यात वाकून खेळतो."

मुलीच्या तोंडून कोल्हापुरी 'मी खेळतो' ऐकून पुण्याच्या माणसाच्या भुवया जरा वर गेल्या, पण उत्तर बरोबर होतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

खेळ सुरू झाला. तात्या पूर्वेला, डोळ्यांवर उतरतं ऊन घेऊन, ढेपा चुकवत नाचल्यासारखे खेळत होते. मीनाक्षी पश्चिमेला. तिचे बॅकहँड जमिनीलगत जात होते, आणि बाप पोहोचायच्या आत चेंडू मरत होता. झुंबरबाई आणि बायका विळे मांडीवर ठेवून बघत बसल्या. पंधरा मिनिटांनी सोवनींनी छत्री वर केली.

"आता बाजू बदला."

"साहेब, तिकडनं तिच्या डोळ्यावर ऊन येईल," तात्या घाईनं म्हणाले.

"येऊ द्या की. उन्हात खेळता येत नसेल तर तेही आजच कळू दे."

बाजू बदलल्या. तिसऱ्या चेंडूला मीनाक्षी मागं सरली, डावा पाय रेघेवर टेकला आणि ढेप पायाखालून सरकली. ती गुडघ्यावर पडली. सरुबाई उठली आणि पुन्हा बसली.

सोवनी चालत आले. छत्रीच्या टोकानं त्यांनी ढेपेची कड उचलली, थालीपीठ उलथावं तशी ती सहज उलटली.

"हे आज लावलंत."

मग बाबासो पुढं झाले. "म्हशीनं खाल्लं हो सायेब. काल दावं सुटलं तिचं."

"म्हशीनं खाल्लं तर मुळं राहतात."

बाबासो दोन पावलं मागं सरले.

"म्या काढली," अण्णासो म्हणाले. ते जांभळीपासून चालत आले होते. "आज सकाळी. खुरप्यानं. पोरीचा, पोराचा कुणाचा ह्यात दोष न्हाई."

सोवनींनी त्यांच्याकडं बघितलं. तात्यांनी रॅकेट काखेत घेतली होती. सगळं संपलं असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं.

"काढलीत ती काढलीत," सोवनी म्हणाले, "पण परत लावलीत कशाला?"

"म्हंजे?" तात्यांनी विचारलं.

"अहो, ज्युनियरांचे सामने दुसऱ्या आठवड्यात असतात. तोवर मोठ्यांच्या पायांनी बेसलाइनवरचं गवत पार गेलेलं असतं. नुसती माती राहते. हिरव्यागार गवतावर तयार झालेल्या मुली तिथं जाऊन गडबडतात. पाय मातीवर, चेंडू गवतावर. ही कशी खेळेल, हेच तर बघायला हवंय मला. काढा त्या ढेपा."

पाच तास खपून लावलेलं गवत झुंबरबाईच्या बायकांनी दहा मिनिटांत काढलं. आक्काताई तेवढ्या मोठ्यानं हसल्या.

त्यानंतर मीनाक्षी अर्धा तास खेळली. माती तिच्या पायांना लहानपणापासून ठाऊक होती. त्या बाजूला ती जास्तच चांगली खेळली, हे टेनिसमधलं काही न कळणाऱ्या झुंबरबाईलाही दिसलं. सोवनींनी वही मिटली.

"नाव पाठवतो," ते म्हणाले. "कागद मोटारीत आहेत. आजच सही करून टाकू."

तात्या नेट सोडायला म्हणून वळले आणि नेटची गाठ त्यांना बराच वेळ सुटली नाही. सरुबाई "बरं झालं" म्हणाली. मग तिला टेंबलाईचा नारळ आठवला, आणि उलट झालेल्या नवसाचं काय करतात हे कुणाला विचारावं, असा तिला प्रश्न पडला.

*

अण्णासो पुन्हा जांभळीखाली जाऊन बसले होते. मीनाक्षी आली आणि शेजारी मातीत बसली. गुडघा खरचटला होता.

"आज्जा."

"हं."

"मुद्दाम काढलासा का?"

सकाळी हेच त्यांना लेकानं विचारलं होतं. या वेळी त्यांनी खरं सांगितलं.

"पयली काडी चुकून."

"मागनं?"

"मागनं कळत हुतं." ते हातांकडं बघत होते. "आज तुला न्यायला माणूस येणार, त्ये कळत हुतं. हात थांबवता आला असता. न्हाई थांबवला. तू गेलीस की परत हितली हुणार न्हाईस, असं वाटलं मला. सरळ बोलाय पायजे हुतं. चुकलं माझं."

मीनाक्षीनं गुडघ्यावरची माती नखानं काढली.

"मी बघितलं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"साडेसहाला आलतो पळायला. बांधावरनं दिसलासा. तवा निम्मं झालतं."

अण्णासो तिच्याकडं वळले. "मग हाक का न्हाई मारलीस?"

तिनं मोटारीकडं बघितलं. तिकडं सोवनींनी मोटारीच्या बॉनेटवर कागद पसरले होते आणि तात्या ते वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"मला वाटलं, काढत्यात तर काढू देत," मीनाक्षी म्हणाली. "म्हंजे जायला नको. तसाच परत गेलो घरी."

दिवसभर आपण एकटेच गुन्हेगार आहोत असं अण्णासो धरून बसले होते, आणि तिची खाली गेलेली मान त्यांनी रागाची समजली होती.

"भ्यालीस?"

"लई."

"आता?"

"आताबी."

"मीना," तात्यांनी हाक मारली. "ये गं. सही पायजे तुझी."

ती उठली नाही. आजोबांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांनी थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती, आणि घरात कुणी तिला दोष दिला नसता. सगळा दोष म्हाताऱ्यावर गेला असता. हे दोघांनाही ठाऊक होतं. अण्णासोंना ते म्हणायचं होतं. सकाळी होतं त्यापेक्षा जास्त म्हणायचं होतं.

"जा की," ते म्हणाले. "सायेब थांबल्यात."